टक्का बत्तीस, पण माग बंद: अपघाताच्या दाव्यात दुखापत किती मोठी, हे सिद्ध कसं करायचं?

आडवाधागा

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज गळ्याशी आलंय म्हणून लिहितोय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही येवल्याचे. थोरला भाऊ पैठणी विणतो, वडीलही विणायचे. मी नाशिकला नोकरीला. फेब्रुवारी 2024 मध्ये दादा मनमाडहून मोटरसायकलवर येत असताना कांद्याने भरलेल्या पिकअपने बाजूने ठोकलं. तेव्हा त्याचं वय 38. डाव्या गुडघ्याच्या सांध्यातच फ्रॅक्चर, नडगीच्या हाडाचं वरचं टोक चेपलं. प्लेट आणि सात स्क्रू. तीन महिने पाय टेकवायचा नाही, मग वॉकर, मग काठी. जुलै 2024 मध्ये वकिलांमार्फत मोटार अपघात न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली दावा लावला. पिकअपचा विमा चालू होता, ड्रायव्हरकडे लायसन्स होतं, गुन्हा नोंद आहे. चूक कोणाची यावर फारसा वाद नाही.

वाद आहे तो दुखापतीवर. गेल्या वर्षी सिव्हिलच्या बोर्डाकडून अपंगत्वाचा दाखला काढला. डाव्या पायाचं कायमचं अपंगत्व 32 टक्के. आम्हाला वाटलं, झालं काम. तर विमा कंपनीच्या लेखी कैफियतीत काय म्हटलंय बघा: अर्जदार विणकर आहे, विणकाम हे हाताचं काम आहे, हातांना कोणतीही इजा नाही, सबब कमाईचं नुकसान शून्य.

ज्यांनी माग पाहिला नसेल त्यांच्यासाठी. आमचा माग खड्ड्यातला. विणणारा जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खाली खड्ड्यात. तिथे पायाखाली पावडे असतात. एक दाबला की ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांतले, अर्धे धागे वर जातात, मधून आडवा धागा नेणारा धोटा टाकायचा, मग दुसरा दाबायचा. डावा, उजवा, डावा, उजवा, दिवसभर. नक्षीचं काम हाताचं, खरंय, पण पाय दाबल्याशिवाय हात घालायला जागाच होत नाही. दादाचा गुडघा 80 अंशांच्या पुढे वाकत नाही आणि दहा मिनिटं पावडा दाबला की सुजतो. त्याआधी मुळात खड्ड्यात उतरायचं कसं? आता तो वहिनीला कांड्या भरून देतो आणि शेजारच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालायला बसतो. घड्या घालायचे महिन्याला पाच हजार मिळतात.

लोकअदालतीत कंपनीने साडेतीन लाख देऊ केले. दादा म्हणतो घेऊन टाकू. मी म्हणतो थांब. कोणाला अनुभव आहे का? दुखापत गंभीर आहे हे कोर्टाला पटवायला नेमकं काय लागतं?

काळाकोट

मी अहिल्यानगर जिल्ह्यात हीच प्रॅक्टिस करतो. तुमच्या वकिलांवर शेरा मारायचा नाही, जनरल सांगतो.

आधी एक गोंधळ सोडवू. ‘गंभीर दुखापत’ हा फौजदारी कायद्यातला शब्द. भारतीय दंड विधानाच्या कलम 320 मध्ये तिचे आठ प्रकार होते, आता न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये आहेत. हाड मोडलं किंवा दात पडला तरी ती गंभीर. बाकी कशात बसत नसेल तर पूर्वी वीस दिवस आणि आता पंधरा दिवस असह्य वेदना किंवा रोजचे व्यवहार बंद, हा निकष. त्यामुळे फौजदारीच्या दृष्टीने तुमच्या दादाची दुखापत गंभीर आहे, विषय संपला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली चूक कोणाची हे न बघता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, तिथेही एवढं पुरतं. पण 164 चे पैसे स्वीकारलेत तर 166 चा दावा संपतो. कोणी घाईत सही करायला सांगितलं तर आधी हे आठवा.

166 मध्ये गंभीर की साधी हा प्रश्नच नाही. तिथे प्रश्न असा: या माणसाची कमवायची ताकद किती गेली? तुमची सगळी लढाई या एका वाक्यावर आहे.

त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निकाल वकिलांकडून मागून स्वतः वाचा. त्यात एक उदाहरण दिलंय. एखाद्याचा डावा हात गेला तर दाखल्यावर अपंगत्व साठ टक्क्यांच्या आसपास येईल. तो सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर कमाई जवळपास शंभर टक्के बुडाली. तोच सरकारी नोकरीतला कारकून असेल तर नोकरी टिकू शकते. हात तोच, टक्का तोच, भरपाई वेगळी. न्यायाधिकरणाने पाहायचं ते असं: अपघातानंतर माणूस कोणती कामं करू शकतो आणि कोणती नाही, अपघाताआधी त्याचा धंदा काय आणि वय किती होतं, आणि आता तो काहीच कमवू शकत नाही, की जुनं काम थोडंफार करू शकतो, की दुसरं काही करून पोट भरू शकतो.

म्हणजे 32 हा आकडा तुमचा शेवट नाही, सुरुवात आहे. पण तो आपोआप वाढतही नाही. उलट कंपनी म्हणणार की हे 32 टक्के एका पायाचे आहेत, अख्ख्या शरीराचे धरले तर निम्मे. आणि तेही बरोबर आहे, कारण एका अवयवाचा टक्का शरीराचा म्हणून धरायचा नाही, हेही त्याच निकालात आहे.

आडवाधागा

बाप रे. म्हणजे 32 चे 16 होणार?

काळाकोट

होऊ शकतात. हिशेबच मांडतो, म्हणजे टक्क्याला एवढं महत्त्व का ते कळेल.

समजा कमाई महिना 15,000 सिद्ध झाली. वर्षाचे 1,80,000. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून प्रणय सेठी निकालाप्रमाणे (2017) भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरायचे. झाले 2,52,000. सरला वर्मा निकालातल्या (2009) तक्त्यात 36 ते 40 वयाला गुणक (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा) 15. झाले 37,80,000. आता यावर टक्का लावा. 16 टक्क्यांनी 6,04,800. 32 नी 12,09,600. आणि न्यायाधिकरणाने धंदा बघून 60 धरले तर 22,68,000. उपचाराचा खर्च, बुडालेले महिने, वेदना, पुढे प्लेट काढायची असेल तर त्याचा खर्च, हे सगळं वेगळं.

भविष्यातली वाढ फक्त मृत्यूच्या दाव्यात धरायची, जखमीच्या नाही, असं कंपन्या म्हणत असत. 2020 मध्ये पप्पू देव यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो मुद्दा निकाली काढला. तो विशीतला पोरगा टायपिंग आणि डेटा एन्ट्री करायचा, आणि त्याचा हात गेला होता. धंद्याला कोणता अवयव लागतो हे बघा, असंच तिथेही न्यायालयाने सांगितलं.

साडेतीन लाख कुठून आले ते आता तुम्हीच ओळखा.

खरंखोटं

मला शिव्या पडतील पण बोलतो. दावे लावणाऱ्यांतही नग कमी नसतात. आमच्याकडे एका गृहस्थांनी 40 टक्क्यांचा दाखला आणला आणि दोन महिन्यांनी गणपतीत ढोल बडवत होते. दाखले कसे मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे. मग कंपन्यांनी संशय घ्यायचा नाही तर काय करायचं?

हाडवैद्य

खरंखोटं, संशय रास्त आहे. राजकुमार निकालातच लिहिलंय की काही डॉक्टर तयार दाखले सढळ हाताने वाटतात, न्यायाधिकरणांनी सावध राहावं, शंका आली तर मेडिकल बोर्डाकडे पाठवावं. पण म्हणूनच खऱ्या माणसाला जास्त कष्ट पडतात.

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे आणि असे दाखले देतो, म्हणून हा 32 कसा येतो ते सांगतो. पायाचं अपंगत्व मोजताना दोन भाग असतात. एक हालचाल आणि ताकद: सांधा किती अंश वाकतो ते गोनिओमीटरने मोजायचं. गोनिओमीटर म्हणजे शाळेतला कोनमापक आणि त्याला दोन लांब पट्ट्या. दुसरा भाग स्थैर्याचा. त्यात नऊ गोष्टी करून बघायच्या, प्रत्येकीला दहा गुण: सपाट जमिनीवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, दुखऱ्या पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं आणि वळणं. मग दोन्ही भाग एका सूत्राने एकत्र करायचे.

गंमत बघा. मांडी आणि उकिडवं बसणं आपल्या पद्धतीत आहे, हे चांगलंच आहे, आपल्याकडे त्याशिवाय जेवण आणि शौच दोन्ही अडतं. पण खड्ड्यात उतरून पावडा दाबणं कुठे आहे? नाही. आणि असणारही नाही. आम्ही पाय मोजतो, धंदा मोजत नाही. ‘हा पाय मागावर चालेल का’ हे मला कोणी विचारलंच नाही तर मी दाखल्यावर लिहिणार कसं? दाखल्याच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नाही.

म्हणून सांगतो: दाखला देणाऱ्या किंवा ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला साक्षीला बोलवा, आणि वकिलांना हा प्रश्न विचारायला लावा. नुसता दाखला कागदांत लावून उपयोग नाही. डॉक्टर आला नाही तर कंपनी म्हणणार, दाखला सिद्धच झालेला नाही.

आडवाधागा

डॉक्टर, ऑपरेशन करणाऱ्या सर्जनकडे दोनदा गेलो. पहिल्यांदा म्हणाले कोर्टबिर्ट माझ्या मागे लावू नका, दुसऱ्यांदा रिसेप्शनवरूनच परत पाठवलं. आणि आणखी एक घोळ. डिस्चार्ज कार्डावर ‘राइट नी’ लिहिलंय. डावा मोडला आणि उजवा लिहिला! कंपनीच्या वकिलांनी ते लाल शाईने अधोरेखित करून ठेवलंय.

हाडवैद्य

दुसऱ्याचं आधी. तुमच्याकडे एक्स-रेच्या मूळ फिल्म आहेत ना? फिल्मच्या कोपऱ्यात ‘एल’ किंवा ‘आर’ असं पांढरं अक्षर दिसेल, एक्स-रे काढताना शिशाचा छोटा खुणेचा तुकडा ठेवतात त्याचं. तुमच्या फिल्मवर ‘एल’ असणार. ऑपरेशनच्या नोंदीत आणि इम्प्लांटच्या स्टिकरसोबतही बाजू लिहिलेली असते. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागाकडून पूर्ण केस पेपर मागवा आणि दुरुस्तीचं पत्र घ्या. डिस्चार्ज कार्ड बहुतेक वेळा रात्रपाळीच्या पोराने लिहिलेलं असतं, सर्जनने नाही. मीही त्या वयात असले पराक्रम केलेत.

आणि एक नवा एक्स-रे काढून घ्या. अपघाताच्या दिवशीचा मोड दाखवतो, आजचा सांधा कसा जुळलाय ते दाखवतो. कायमचं अपंगत्व म्हणजे आजचं.

काळाकोट

सर्जनला वकिलांमार्फत साक्षी समन्स काढा. तरी येत नसतील तर कोर्ट कमिशनर नेमून त्यांच्या दवाखान्यातच साक्ष घेण्याचा अर्ज द्या. डॉक्टर व्यस्त असतात, त्यांना दिवसभर व्हरांड्यात बसवू नका, वेळ ठरवून बोलवा, गरज असेल तर कमिशन काढा, असंही राजकुमार निकालात सांगितलंय. आमच्याकडे अर्ध्या डॉक्टरांची साक्ष अशीच होते, संध्याकाळी ओपीडी सुटल्यावर.

टेम्पोवाल्याची_लेक

वडिलांची गोष्ट सांगते. टेम्पो चालवायचे. अपघातात एका डोळ्याची नजर पूर्ण गेली, दुसरा ठणठणीत. दाखला 30 टक्क्यांचा. बाबा म्हणायचे, सत्तर टक्के डोळा शिल्लक आहे तर टेम्पोचे सत्तर टक्के पैसे कोण देणार? आमच्या वकिलांनी डोळ्याच्या डॉक्टरांशिवाय अजून एक कागद लावला: आरटीओने लायसन्सचं नूतनीकरण नाकारल्याचं पत्र. त्या एका पत्राने जे झालं ते सहा रिपोर्टांनी झालं नव्हतं. शंभर टक्के नाही धरले, कारण बाबा हमाली ठरवून देण्याचं काम करू शकतात असं निकालात आलं. पण 70 धरले.

तुमच्या दादाच्या बाबतीत आरटीओच्या पत्रासारखं काय आहे ते शोधा. तो कागद डॉक्टरचा नसेल.

आडवाधागा

हे वाचून रात्री झोप आली नाही. आमच्याकडे असं कोणतं पत्र असणार? मागाला लायसन्स नसतं.

जुनाजाणता

पण मागाचा हिशेब असतो की! माझे सासरे पैठणी व्यापारात होते. व्यापारी विणकराला रेशीम आणि जर देतो, साडी आली की मजुरी वहीत लिहितो. तुमच्या दादाच्या व्यापाऱ्याची वही मागा. अपघाताआधी दोन वर्षांत किती साड्या दिल्या आणि नंतर किती? फेब्रुवारी 2024 नंतर त्या पानावर काही नसेल, आणि ते कोरं पानच तुमचं आरटीओचं पत्र. कमाईही त्यातूनच सिद्ध होईल. नाहीतर कंपनी म्हणेल अकुशल मजूर, किमान वेतन धरा.

केंद्र सरकारचं विणकर ओळखपत्र असेल तर तेही लावा. आणि वहीवाल्याला साक्षीला आणा. नुसती झेरॉक्स लावलीत तर ‘बनावट’ म्हणतील.

हडसनकाठ

अमेरिकेतून लिहितोय. येवल्याचा माग आणि न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सचा हायवे यांचा संबंध काय म्हणाल, पण वाचताना सारखं आठवत होतं.

न्यूयॉर्क राज्यात नियम उलटा आहे. अपघात झाला की चूक कोणाची हे न बघता स्वतःच्याच गाडीचा विमा उपचार आणि बुडालेला पगार देतो, साधारण 50,000 डॉलरपर्यंत. पण वेदनेसाठी समोरच्यावर दावा लावायचा असेल तर आधी उंबरठा ओलांडायचा: दुखापत ‘सीरियस’ हवी. विमा कायद्याच्या कलम 5102(ड) मध्ये व्याख्या आहे. मृत्यू, अवयव गमावणं, लक्षणीय विद्रूपता, गर्भ गमावणं, फ्रॅक्चर, अवयवाचा वापर कायमचा जाणं, वापरावर कायमची किंवा लक्षणीय मर्यादा, आणि शेवटचा प्रकार: अपघातानंतरच्या 180 दिवसांपैकी किमान 90 दिवस रोजचे बहुतेक व्यवहार बंद. तुमच्या दादाचा तिथे फ्रॅक्चरवरच प्रवेश झाला असता. माझं हाड मोडलं नव्हतं, म्हणून मी अडकलो.

मला मागून ठोकलं होतं. मानेच्या एमआरआयमध्ये मणक्यांमधल्या दोन चकत्या फुगलेल्या. मला वाटलं, फोटोच आहे, अजून काय पाहिजे? वकील हसला. म्हणाला चाळिशीनंतर निम्म्या लोकांच्या मानेत हे सापडतं. न्यूयॉर्क राज्याच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने 2002 मध्ये सांगून ठेवलंय की डॉक्टरने मान किती अंश वळते आणि सामान्यतः किती वळायला हवी हे आकड्यात द्यावं, किंवा काय करता येत नाही याचं तपासणीवर आधारलेलं वर्णन द्यावं. ‘पेशंटला दुखतं’ एवढ्याने भागत नाही. मग तोच तुमचा गोनिओमीटर.

आणि एक चूक केली ती सांगतो, इथेही लागू पडेल. विमा कंपनीच्या डॉक्टरने तपासून ‘आता बरा आहे’ लिहिलं, फिजिओथेरपीचे पैसे बंद झाले, मी चार महिने गेलोच नाही. खिशातून कोण देणार! ती चार महिन्यांची फट त्यांनी धरली: खरंच दुखत होतं तर उपचार का थांबवले? 2005 च्या एका निकालापासून तिथे अशा खंडाचं कारण तुम्हालाच द्यावं लागतं. माझं कारण खरं होतं आणि कागदावर होतं म्हणून वाचलो.

न्यूजर्सीत तर पॉलिसी घेतानाच विचारतात, दावा लावायचा हक्क मर्यादित करून स्वस्त विमा हवा का. निम्मे देसी लोक काय टिक करतोय ते न वाचता टिक करतात.

काळाकोट

हडसनकाठ, एक वेगळी माहिती विचारतो. तिकडे वकील भरपाईतला एक तृतीयांश हिस्सा घेतात हे खरं ना? आपल्याकडे निकालावर टक्केवारी ठरवून फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. व्यवहारात काय चालतं ते इथे लिहीत नाही, मला उद्या कोर्टात जायचंय.

उपचारातल्या खंडाचा मुद्दा इथेही येतो. दादांनी फिजिओथेरपी कधी थांबवली?

आडवाधागा

पाच महिन्यांनी. येवल्याहून नाशिकला जाऊन यायचं, भाडं, वहिनीचा खाडा. मग घरीच वाळूची पिशवी पायाला बांधून व्यायाम. फिजिओथेरपिस्टने कागदावर चित्रं काढून दिली होती, तो कागद आहे, हळदीचे डाग पडलेला.

काळाकोट

तोच कागद लावा. डाग पुसू नका.

खरंखोटं

मान्य. असे कागद असतील तर माझी हरकत नाही. एक सूचना करतो, त्यांच्या बाजूने विचार करून: दादांचे फेसबुक, व्हॉट्सॲप स्टेटस तपासा. कंपन्या माणसं लावून फोटो काढतात.

आडवाधागा (साडेतीन महिन्यांनी)

धागा वर काढतोय. तुम्हा सगळ्यांचं ऐकलं, काय झालं ते सांगणं माझं काम.

एक्स-रेच्या फिल्मवर खरंच ‘एल’ निघालं. हॉस्पिटलने दुरुस्तीचं पत्र दिलं, ते निशाणी 31 (कोर्टातला कागदाचा क्रमांक). सर्जनची साक्ष कमिशनवर झाली, त्यांच्याच केबिनमध्ये, रात्री साडेआठला. आमच्या वकिलांनी विचारलं, हा रुग्ण जमिनीखालच्या खड्ड्यात पाय सोडून, पायाने वारंवार दाब देण्याचं काम सात-आठ तास करू शकेल का? डॉक्टर थोडं थांबले आणि म्हणाले, असं काम असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मग म्हणाले, नाही, करू शकणार नाही, केलं तर सांधा लवकर झिजेल. दोन्ही वाक्यं कमिशनरने लिहून घेतली.

व्यापाऱ्याने वही आणायला आढेवेढे घेतले, करांची भीती. शेवटी जुनाजाणता यांनी सांगितल्याप्रमाणे समन्सवर आला. अपघाताआधीच्या 24 महिन्यांत 19 साड्या, नंतर एकही नाही. त्याच्या वहीत दादाच्या नावाच्या पानावर फेब्रुवारीनंतर दुसऱ्या कोणाचा तरी हिशेब सुरू झालाय. वकिलांनी तेच पान साहेबांना, म्हणजे न्यायाधीशांना, दाखवलं.

मग दादाची उलटतपासणी. कंपनीच्या वकील बाई शांत होत्या, आवाज चढवला नाही. पहिला प्रश्न: पैठणी हाताने विणतात हे खरं आहे का? दादा म्हणाला हो. आता सगळं जग ‘हाताने विणलेली’ म्हणूनच विकतं, तो नाही कसं म्हणेल? ते तसंच नोंदवलं गेलं: ‘हे खरे आहे की, पैठणी हाताने विणतात.’ माझ्या पोटात गोळा आला. पुढे त्यांनी चुलत बहिणीच्या हळदीचा फोटो काढला. दादा उभा, हात वर. तुम्ही उभे आहात ना? हो. नाचत होता का? दादा म्हणाला, मुंडावळ्या बांधत होतो. (खरंखोटं, तुमची सूचना वेळेवर वाचली असती तर तो फोटो मी स्टेटसला टाकलाच नसता. टाकणारा मीच.)

त्यानंतर शेजारचे विणकर काका साक्षीला. त्यांना मी काही पढवलं नव्हतं, पढवायची हिंमतही नव्हती, फटकळ आहेत. बाईंनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला, पैठणी हाताने विणतात ना? काका म्हणाले, “हातानं विणतात, पायानं उघडतात.” साहेबांनी पेन खाली ठेवून विचारलं, पायाने काय उघडतात? काकांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यातच कठड्याला धरून पाय खालीवर करून दाखवले. पावडा दाबला की ताणा उघडतो, मधून धोटा जातो, सोडला की मिटतो. साहेब, पाय नाही दाबला तर धागा जाणार कुठून?

ते सगळं नोंदीत आलं. मागाचा तीन मिनिटांचा व्हिडिओही इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रासह लावलाय, पण तो बघायची वेळ आली नाही.

बाहेर आल्यावर कंपनीच्या प्रतिनिधीने आमच्या वकिलांना बाजूला घेतलं. नवा आकडा साडेतीन लाखांच्या बऱ्याच पुढचा आहे, पण इथे लिहायला वकिलांनी मनाई केलीय. दादा यावेळी घेऊन टाकू म्हणाला नाही. म्हणाला, युक्तिवाद होऊ दे.

टेम्पोवाल्याची_लेक

“हातानं विणतात, पायानं उघडतात.” काकांना माझा नमस्कार सांगा.

हाडवैद्य

सर्जनना कोणी सांगितलं नव्हतं, हे वाचून जरा ओशाळलो. परवापासून दाखल्याआधी पेशंटला एक प्रश्न जास्त विचारतो: धंदा काय, आणि त्यात हा अवयव नेमकं काय करतो? काल एका कुंभाराने चाकाबद्दल पंधरा मिनिटं सांगितलं. ओपीडी तुंबली.

काळाकोट

युक्तिवादाला राजकुमार आणि पप्पू देव यादव दोन्हीच्या प्रती न्या. आणि शंभर टक्के मागू नका. तो कांड्या भरतो, घड्या घालतो, हे तुमच्याच दाव्यात आहे. पंधरा हजारांचे पाच झाले, हे साहेबांना स्वतःहून दिसेल असं मांडा. तारीख कधीची आहे?

आडवाधागा

पुढच्या महिन्याची 17. दादा म्हणतोय काकांनाही घेऊन जाऊ. त्यांचं काही काम नाही, पण त्यांना साहेबांना माग बघायला बोलवायचंय.